व्यक्ती क्रमांक सात

जबाब. दिनांक १४, शुक्रवार, सकाळी १० वाजून ४० मिनिटे.

नाव वरच्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे. वय ४९ वर्षे. धंदा यंत्रमाग कामगार. शिक्षण सातवी, गावच्या शाळेत. राहणार मागांच्या कारखान्यामागील खोल्यांची ओळ, शेवटून दुसरी खोली.

मी पोलीस ठाण्यात समक्ष, कोणी न बोलावता हजर होऊन सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी व एक मुलगी यांच्यासह राहतो. मुलगी दहावीत आहे. मी कारखान्यात तेवीस वर्षे कामाला असून माझ्याकडे चार माग आहेत. धागा तुटला की मागाच्या आवाजात फरक पडतो. तो ऐकून माग थांबवणे हे माझे काम. ज्याला तो फरक ऐकू येत नाही, त्याच्याकडे माग ठेवत नाहीत.

मुलीच्या शाळेचा विज्ञान स्पर्धेसाठी चार मुलांचा संघ आहे. विज्ञानाच्या बाई त्याची तयारी करून घेतात. तीन मुले आधीच निवडलेली होती. चौथ्या जागेसाठी बाईंनी लेखी परीक्षा घेतली व माझ्या मुलीला घेतले. मला त्याच दिवशी संशय आला. बाकीची तिघे डॉक्टर, वकील व कापडाचे व्यापारी यांच्या घरची आहेत. मी पत्नीला म्हणालो, "यात कुठंतरी पाणी मुरतंय." ती म्हणाली, "देवानं स्वतः येऊन हातावर प्रसाद ठेवला, तरी तुम्ही आधी हुंगून बघाल." 

पंधरा दिवसांनी बाई संघातल्या मुलांना घेऊन कारखान्यात आल्या. मालक शाळेच्या समितीवर आहेत, त्यांनी परवानगी दिली होती. मुलांनी आवाज मोजण्याचे एक लहान यंत्र प्रत्येक मागाजवळ धरले. नंतर कामगारांना एकेक करून मालाच्या खोलीत बसवून त्यांचे कान तपासले. त्या दिवशी सहा जण आत जाऊन आले. मी पोट दुखते असे सांगून गेलो नाही. पोट दुखत नव्हते.

पुढच्या महिन्यात माझ्या शेजारच्या मागांवरचे तात्या यांना मालकांनी झाडलोटीवर घातले. तात्या त्या सहांपैकी होते. तुटलेला धागा त्यांना कळला नाही आणि कापडाचे अर्धे ठाण वाया गेले, असे कारण सांगण्यात आले. मला ते पटले नाही. मालक शाळेच्या मुलांकरवी कमी ऐकू येणाऱ्या कामगारांची यादी करून घेत आहेत आणि माझ्या मुलीला संघात घेतले ते त्यासाठीच, असे मी धरून चाललो.

त्या सुमारास मुलगी घरात माझ्या पाठीमागे उभी राहू लागली. मी वळून पाहिले की तिच्या हातात लाल वही असे. एकदा माझ्या डाव्या बाजूला चमचा पडलेला दिसला, तो तिने उचलला व वहीत काहीतरी लिहिले. ती स्पर्धेत करायच्या भाषणाचा सराव आरशासमोर करी. मी खोलीत गेलो की थांबे. जेवायला ती पूर्वी माझ्यासमोर बसत असे, ती उजवीकडे बसू लागली. मी विचारले, "काय चाललंय तुझं?" ती म्हणाली, "प्रयोग आहे, बाबा." मी म्हणालो, "कुणावर?" ती हसली. उत्तर दिले नाही, किंवा दिले असेल.

आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. मी मागाच्या तालावर मनात नाम घेतो. गेली बारा-तेरा वर्षे माग बंद असतानाही माझ्या कानात एक बारीक स्वर चालू असतो. तो नामाचाच आहे, देवाने माझ्यापाशी ठेवला आहे, असे मी मानत आलो. हे मी पत्नीलाही सांगितलेले नाही. मुलगी सहावीत असताना तापाने पडली होती व फार घाबरली होती, तेव्हा फक्त तिला सांगितले होते.

बुधवारी मुलगी प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली घरी विसरली. संघाच्या कपाटाची किल्ली तिच्याकडेच असते. दुपारी एक वाजता जेवणाच्या सुट्टीत मी किल्ली द्यायला शाळेत गेलो. संघ शेजारच्या दालनात सराव करत होता. प्रयोगशाळेत कोणी नव्हते. मी कपाट उघडले. वही वरच्याच खणात होती. सातव्या पानावर मुलीच्या अक्षरात असे लिहिले होते:

"व्यक्ती क्रमांक ७. पुरुष, वय ४९. मागावर २३ वर्षे. मागून हाक वीस वेळा, वळले सहा वेळा. डावीकडे चमचा पाडला, कळले नाही. कानात सतत बारीक आवाज. त्यांना तो नामाचा वाटतो. मी त्यांना अजून खरे सांगू शकलेली नाही."

मी वही शर्टाच्या आत घातली व कपाटाला कुलूप लावले. किल्ली द्यायला गेलो होतो हे खरे. किल्ली न देता परत आलो हेही खरे. ती मी घरी फळीवर होती तशी ठेवली. अडीचला मुलगी धावत येऊन घेऊन गेली.

वही मी पोथीच्या फडक्यात बांधून ठेवली. तेव्हापासून पोथी वाचलेली नाही.

त्याच संध्याकाळी मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही आज शाळेत आला होतात का?" ती उजवीकडे बसली होती. मला ऐकू आले. मी ऐकू न आल्यासारखे केले. तिने पुन्हा विचारले नाही.

स्पर्धा उद्या शनिवारी आहे. वहीच्या मूळ प्रतीशिवाय संघाला घेत नाहीत आणि वही हरवली असल्यास पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत मागतात, म्हणून बाईंनी काल इथे तक्रार दिली. कुलूप तुटलेले नाही व किल्ली फक्त माझ्या मुलीकडे होती, असे त्यात लिहिले आहे. काल तिला संघातून काढले. घरी येऊन तिने आईला एवढेच सांगितले की भूक नाही. माझ्याबद्दल ती काहीही बोलली नाही, ना बाईंना, ना घरी.

आज सकाळी मी वही घेऊन आलो. हवालदार म्हणाले, "इथं मोटारसायकली सापडेनात आणि तुम्ही वही घेऊन आलात?" मी मालकांविषयी सांगू लागलो तेव्हा म्हणाले, "मी अजून काही विचारलंय का? चोराच्या मनात चांदणं." नंतर त्यांनी मला खुर्ची दिली व निरोप पाठवून बाई आणि मुलगी यांना बोलावून घेतले.

बाई मला म्हणाल्या, "अहो, वहीत नाव कुणाचंच नाही. मालकांनी एक पानसुद्धा बघितलेलं नाही."

मी विचारले, "उद्या बक्षीस द्यायला कोण येणार आहे?"

बाई म्हणाल्या, "मालकच."

मी म्हणालो, "मग? आमच्या कारखान्यात तेवीस वर्षं मागावर असलेला, एकोणपन्नास वयाचा दुसरा कोण आहे?"

बाई म्हणाल्या, "सातवं पान काढून टाकू या."

मुलगी म्हणाली, "पानांना आकडे आहेत, बाई. एक जरी कमी दिसलं तर वही बाद. बाबा नको म्हणाले तर वही देऊ नका. स्पर्धा राहू दे."

विचारल्यावरून बाईंनी सांगितले की हा विषय त्यांनी दिलेला नाही. परीक्षेत एकच प्रश्न होता: तुमच्या घरातली कोणती अडचण विज्ञानाने सुटावी असे तुम्हाला वाटते? माझ्या मुलीने त्यावर काय लिहिले ते बाईंनी मला ऐकवले. ते या जबाबात घेऊ नये.

बाईंवरचा माझा संशय गेला आहे, तसे लिहावे. मालकांवरचा गेलेला नाही, तोही लिहावा.

वहीतील व्यक्ती क्रमांक ७ मी आहे. पान फाडू नये. वही मीच घेतली, मुलीला त्याची माहिती नव्हती. तिचे नाव तक्रारीतून काढून तिला उद्या संघाबरोबर पाठवावे. मालकांना सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी मी स्वतः सांगणार आहे.

वही जप्त केली तर सोमवारपर्यंत ठाण्याच्या कपाटात राहील, असे हवालदार म्हणाले. बाईंनी तक्रार मागे घेतल्याचे लिहून दिल्यावर ११ वाजून ५० मिनिटांनी वही, पाने मोजून, त्यांच्या ताब्यात दिली.

यानंतर हवालदारांनी टेबलापलीकडून जबाब वाचून दाखवला. मी मान हलवली. मुलगी म्हणाली, "साहेब, त्यांना ऐकू आलेलं नाही." हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की, ती म्हणते ते खरे आहे. तेव्हा पंखा बंद करण्यात आला व मुलीने माझ्या उजव्या बाजूला बसून सगळा जबाब पहिल्यापासून वाचला. मध्ये एका ठिकाणी ती थांबली, नंतर पुढे वाचला. तो मी शेवटपर्यंत ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.