डॉक्टरकडे धाडलेली वानगी

हॅलो?… हॅलो… कोण, पार्बता? अगं मी गोदाबाई, तुही बहीण! अकोल्याहून, अडत्याच्या दुकानातून बोलून राहिली? मग ओरडू नको, सारा बाजार ऐकंन…

हो, हो, तू धाडलेली लघवीची बाटली घेऊन गेली होती डॉक्टरकडे. अगं ऐक ना. तुह्या नातीच्या, शकुनच्या पोटात गाठ हाये ना, वाईट गाठ असली तर तिच्या पेशी लघवीत उतरतात म्हणे. दुर्बिणीखाली दिसतात… नाही, एकबी नाही दिसली! ऑपरेशनची घाई नको म्हणाले…

हो बाई, देवीचीच कृपा. शकुनसाठी गूळ सोडला होता मी. काल अंबादेवीले पुरणाचा नैवेद्य दाखवला अन् नेम सोडला…

एकच म्हणाले डॉक्टर. पोरीले लाल लघवी होते म्हणता, अन् बाटलीत रक्ताचा टिपूस नाही, हे कसं?…

काय?… पुन्हा सांग. कोणाची?…

देवीदासची? तिच्या भावाची?… काहून?…

हो… हो… डॉक्टरनं नमुना मागितला, म्हणून घरातला चांगला धाडला. शकुनची गढूळ, लाल… चारचौघांत घराण्याची लाज… अन् तुह्या मालकांनी, खुशालरावांनी काय केलं?… त्यांनीच उजेडात धरून पसंत केली!

नाही, रागावली नाही. आज माहा गुरुवार, कडू बोलाचं नाही असा नेम हाये. म्हणून गोडच सांगतो. पार्बता, वांग्याची पाटी होती काय ते, वर टवटवीत लावाले? डॉक्टरले किडकंच पाहाचं होतं!…

रडू नको. देवीदास ठणठणीत हाये, दुर्बिणीतून पाहून सांगितलं. त्याचे पेढे वाट…

आता ऐक. उद्याच्या पहिल्या गाडीनं शकुनलेच घेऊन ये. बाटली नको, पोरगी आण. इथं डॉक्टरसमोर होईल ते होईल. लाल होवो, काळी होवो…

काय? चांगला परकर घालू?… घाल बाई. पण दुखते कुठं ते तिलेच सांगू दे, खुशालराव मधी बोलले तर…

ऑपरेटर भाऊ, थोडं थांबा जी, पोरीचा सवाल हाये…

पार्बता? गूळ?… हो, पुन्हा सोडला. कालचा नैवेद्य तर देवीदासच्या नावानं जमा झाला. देवी काय म्हणत असंन… हॅलो? गाडी चुकवू नको… पार्बता? हॅलो?…