आमेन होईपर्यंत

नाही हो, तुटलेली नाहीये ती बेलची वायर, कापलेली आहे. मीच कापली, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं — मेन स्विच बंद करून, एवढं कळतं मला, एकतीस वर्षं शाळेत शिकवलंय. उंदीर नाहीत आमच्या सोसायटीत. म्हणजे आहेत, पण ते कमिटीत आहेत. तुम्हाला बोलावलं कुसुमनं, आमच्या मंडळींनी. ती नवी बेल तिनंच आणलीय, वेगळ्या आवाजाची. जुनीला काय झालं होतं म्हणून विचारलं, तर सांगत नाही. लावा. फक्त लावायच्या आधी मला एक सांगा, चेतनराव — किती वर्षं करताय हे काम, दहा? — तर वायर कापल्यावर बेल वाजू शकते का? थोडा करंट मागे राहतो वगैरे? नाही ना. मलाही तेच वाटलं. उगीच विचारलं.

संध्याकाळचे सात वाजत आलेत, आता आमची उपासना सुरू होईल. ख्रिस्ती आहोत आम्ही, दारावरचा क्रूस पाहिलाच असेल तुम्ही. रोज सातला — एक गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना. वीस मिनिटं. अहो, चोवीस तासांतली वीस मिनिटं, तीसुद्धा धड देवाला द्यायची नाहीत म्हणजे काय? टीव्ही बंद. फोन बंद करून त्या बिस्किटांच्या डब्यात, सगळ्यांचे. एकदा दूध उतू गेलं, जाऊ दिलं. शेजारच्या नीरजाबाई विरजण मागायला आल्या, दारात ताटकळल्या, पुन्हा त्या वेळेला कधी आल्या नाहीत. आमेन होईपर्यंत उठायचं नाही, हा नियम. माझाच. शाळेतही माझं तेच — घंटा झाली की वर्गाचं दार बंद, उशिरा येईल तो बाहेर उभा. दोन मिनिटं उभं केलं की पोरगं सुधारतं. सुधारायची पोरं.

सौरभ म्हणजे आमचा मुलगा. एकुलता एक. हिंजवडीला कंपनीत होता, आणि त्याचं ते अमेरिकेचं गिऱ्हाईक नेमकं आपल्या सातला उठायचं. एके दिवशी प्रार्थनेत फोन वाजला — डब्यात टाकलाच नव्हता, खिशात ठेवला होता — आणि हा उठला, गॅलरीत जाऊन हॅलो हॅलो करायला लागला. मी प्रार्थना पूर्ण केली. मग म्हणालो, उपासनेतून उठायचं असेल तर परत येऊन बसू नकोस. बसू नकोस म्हणालो मी. घरातून जा असं म्हणालो नव्हतो. पण तो लॅपटॉपची बॅग उचलून गेला, तेजस म्हणून मित्र आहे त्याचा, त्याच्याकडे खराडीला राहिला पाच महिने. रोज प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायचो हं मी. देवाजवळ मागायचो. फोन मात्र केला नाही.

तुमचं चालू द्या, माझ्याकडे बघायला नको.

फेब्रुवारीतली गोष्ट. बुधवार होता. डोळे मिटून मी म्हणत होतो, प्रभू, माझ्या मुलाला घरी आण — अगदी हेच शब्द, कुसुमला विचारा — आणि बेल वाजली. दोनदा आखूड, एकदा लांब. तशी फक्त सौरभ वाजवायचा, पाचवीत असल्यापासून. कुसुम उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. जोर नाही लावला. म्हणजे — लावला. पुन्हा वाजली. आणि मी प्रार्थना लांबवली, चेतनराव. संपत आली होती, आमेनच राहिलं होतं, पण मी पाळकांसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, देशाच्या पुढाऱ्यांसाठीसुद्धा मागितलं, ज्यांच्यासाठी एरवी मी चकार शब्द काढत नाही. दारात कोण आहे ते मला माहीत होतं. म्हटलं, राहू दे उभा दोन मिनिटं. हे कुसुमला माहीत नाही, ती समजते मी देवाला भिऊन उठलो नाही. जरा हळू बोला. तुम्ही कुठं बोलताय म्हणा, मीच बोलतोय.

आमेन म्हणून दार उघडलं तर लिफ्ट खाली चाललेली, आणि पायपुसण्यावर लॅचची किल्ली. त्याची. कळतंय का तुम्हाला? किल्ली होती त्याच्याजवळ. सरळ उघडून आत येता आलं असतं. पण स्वतःच्याच घराची बेल वाजवून विचारत होता, येऊ का म्हणून. मी जिन्यानं धावलो, चौथा मजला, गुडघे हे असे — खाली पोचलो तोवर कॅब कोपऱ्यावर वळली होती. दुसऱ्या दिवशी तेजस म्हणाला, काका, तो कॅनडाला गेला, तुम्हाला सांगायलाच थांबला होता वाटेत. नंबर बदललाय आता. तेजसकडे आहे नवा, पण देत नाही. सौरभनंच देऊ नको म्हटलंय.

तेव्हापासून वाजते. रोज, प्रार्थनेत, त्याच वाक्याला. आमेन झालं की मी दार उघडून बघायचो, कोणी नसायचं. म्हणून वायर कापली. तरी वाजते. कुसुम समोर डोळे मिटून बसलेली असते, तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही, मग मी कुणाला सांगू? कानाच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि मला माझंच वय सांगितलं, पाचशे रुपये घेऊन. एवढी वर्षं मागत आलो, देव ऐकतो की नाही कधी कळलं नाही. त्या दिवशी त्यानं लगेच ऐकलं, आणि मी त्यालाच दाराबाहेर थांबवलं. भीती वाटते हो मला. खरंच वाटते.

आली कुसुम. तो माझा फोन, टाक डब्यात. चेतनराव, तुम्ही त्या स्टुलावरच बसा, काही जोडू नका अजून. तुमचे कान तरुण आहेत, नुसतं ऐका. गीत राहू दे आज, एकदम प्रार्थनाच करू. प्रभू, आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार मानतो. ह्या घरावर तुझी दृष्टी असू दे. आणि प्रभू, माझ्या मुलाला घरी —

ही. आत्ता. ऐकलीत ना? — नाही? नीट आठवून सांगा. दोनदा आखूड, एकदा — बरं. वायरची दोन्ही टोकं तुमच्याच हातात आहेत, तुम्ही कशाला खोटं बोलाल.

मग कुसुम, तू का उठलीस?

कुसुम, अजून आमेन — नाही. नाही म्हणत मी काही. जा तू. उघड.

चेतनराव, तुम्ही निघा आता. बेल उद्या बसवू. आणि जाताना दार ओढून घेऊ नका.