हलकं नको, भारीतलं टाक

आमच्या आगाशीच्या मामाची गंमत सांगायची राहिली तुम्हाला. त्याच्याकडे लेकीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर आहे. लेक लग्न होऊन लांब गेली, पण हा रोज तो पुसून चालू करायचा आणि चालू होईपर्यंत वाडीतल्या केळींना पाणी सोडून यायचा.

मी म्हटलं, "मामा, जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकतो. एकदम हलकं."

मामा भडकलाच. "पोरीच्या कॉम्प्युटरात हलकं टाकतोस? चांगलं भारीतलं टाक!"

म्हटलं, घे भारीतलं. सगळ्यात झगमगीत लिनक्स टाकलं. मामा केळींना पाणी सोडून आला, तरी पडद्यावरचा बाण जागचा हलेना. मग मी गुपचूप हलकंच टाकलं, आणि पाच मिनिटांत लेकीला व्हिडिओ कॉल लागला.

मामाचे डोळे भरून आले. "बघ, भारीतलं टाकल्यावर कसं पळतंय!"

मी नुसती मान डोलावली.

परवा त्याचा फोन आला. आवाज खाली करून म्हणाला, "शेजारच्या भाऊचा कॉम्प्युटरपण रखडतोय रे, येऊन जा एकदा. पण त्याच्यात ते हलकंच टाक हां."