छत्तिसावा बोल्ट

—मारते गं तपासणीच्या कागदावर शिक्का, पळून नाही चाललेय, आधी बस. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. हो, दुरुस्ती विभागातल्याच खुर्चीचा पाय मोडलाय, हस खुशाल, सगळेच हसतात. त्या खोक्यावर बस. बार्लीचा चहा घे, गार आहे, पण आहे. दहाला पार्कचं दार उघडायचं, आत्ता कुठे नऊ वीस झालेत आणि शिक्का उमटायला किती वेळ लागतो? टप्प, झालं. मग घाई कोणाला आहे? हिराओका साहेबांना. स्वतः यायची छाती होत नाही म्हणून तुला पुढे केलं, खरं की नाही? त्यांना ठाऊक आहे, नुकागाबाई आपल्यावर खेकसते, तोक्योहून आलेल्या पाहुणीवर खेकसायची नाही. चुकीचा अंदाज आहे त्यांचा. तुला तू म्हटलं तर चालेल ना, मिकुरिया? चालेल. माझ्या मुलीहून लहान आहेस.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझी ती शापित चांदीची खाण — देखणी आहे, मी कुठे नाही म्हणते. पण तेवीस वर्षं माझी गाडी निळी होती. निळी गाडी, पांढरे खांब, खाली समुद्र, लोक यायचे, किंचाळायचे, नूडल्स खाऊन घरी जायचे. मग तुमची सजावटवाली कंपनी आली आणि म्हणाली, या रोलर कोस्टरला गोष्ट नाही. अगं, गाडीला गोष्ट कशाला लागते? वर जाते, खाली येते, पोटात गोळा येतो, संपली गोष्ट. पण नाही. तीन महिने शिड्या लावून तुम्ही माझ्या गाडीवर गंज रंगवलात. या खाऱ्या वाऱ्यात ज्या गंजाशी मी तेवीस वर्षं भांडतेय, घासून घासून मनगटं कामातून गेलीत, तोच गंज, ब्रशनं, तीन छटांत, वर खोटं शेवाळ — आणि साहेब खाली उभे राहून म्हणतात, वा, अगदी खरा वाटतो. मला रडावं की हसावं कळेना. मी हसले. साहेब होते ना समोर.

आणि त्या सूचना. हृदयविकार असल्यास बसू नये, गरोदर बायकांनी बसू नये, हात बाहेर काढू नयेत — साधी पाटी होती, पांढऱ्यावर लाल, कुणीही वाचायचं. तुम्ही ती जुन्या फळीवर कुंचल्यानं लिहिलीत, वर अर्धी अक्षरं पुसून टाकलीत, का, तर खाण तीनशे वर्षं जुनी आहे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी खाणीत गरोदर बायकांना सूचना द्यायचे होय? बरं, लाउडस्पीकरवर कोण बोलतं, तर मेलेला खाणकामगार. "दांडा सोडाल तर मी तुमचा हात नेईन." लोक काय करतात? दोन्ही हात वर करून म्हणतात, ने की. मार्चमध्ये, उघडून पुरता आठवडा झाला नव्हता, एका समुद्रपक्ष्यानं सेन्सरवर घाण केली आणि गाडी चढावावर थांबली. मी माइक घेतला, माझ्या खऱ्या आवाजात सांगितलं, कृपया बसून राहा, आम्ही तुम्हाला उतरवायला येतोय. टाळ्या पडल्या. बावीस मिनिटं टाळ्या आणि फोटो. मी जिना चढून वर गेले, धापा टाकत, तर पहिल्या डब्यातले एक आजोबा म्हणतात, बाई, तुमचं काम फार छान झालं, पण मेकअप थोडा जास्त आहे. मी मेकअप केलाच नव्हता.

हसू नकोस गं. हस, हस, मलाही येतं. आणि मग तुमची ती अफलातून कल्पना, सकाळची तपासणी लोकांसमोर करायची. आमचं बोट दाखवून म्हणणं तुला फार आवडलं ना? प्रत्येक भागाकडे बोट रोखायचं, बघायचं, मोठ्यानं म्हणायचं — रूळ, ठीक. साखळी, ठीक. ब्रेक, ठीक. त्यात गंमत काही नाही. हात, डोळा आणि तोंड एका जागी असले की मन दुसरीकडे भटकत नाही, म्हणून करायचं. तू म्हणालीस, नुकागाबाई, हेच तुम्ही मेणबत्तीची टोपी घालून कराल का, रांगेतल्यांना वाटेल खाणीतलं भूतच तपासतंय. त्रेसष्टाव्या वर्षी मला भूत केलंस. आणि मी झालेही. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला. लोक मोबाइल धरायचे, मी बोट जरा जास्तच झोकात फिरवायचे. माथ्यावरच्या वळणाला रूळ धरून ठेवणारे छत्तीस बोल्ट आहेत, ते मी एका दमात म्हणायचे — एक, ठीक, दोन, ठीक, तीन — गाण्यासारखं. छत्तिसाला टाळ्या.

आता तू विचारशील, खालून? माथ्यावरचे बोल्ट खालच्या फलाटावरून? विचारलं नाहीस, पण भुवई वर गेली तुझी. पूर्वी वर जात होते मी. एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्या, कमरेला हातोडी, एकेकाला ठोकायचं. चांगला बोल्ट खणखणीत वाजतो, आतून तडकलेला बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा, लहान मुलालाही कळेल. सगळं उरकून खाली यायला चाळीस मिनिटं. मग तुमचं पत्र आलं. आठवतंय? तूच सही केली होतीस. शोभेसाठी चिकटवलेले रबरी बोल्ट हातोडीनं निघतात, रंगाचे टवके उडतात, तरी कृपया ठोकणं टाळावं. साहेब म्हणाले, नुकागाबाई, सुट्ट्यांची गर्दी सरेपर्यंत नुसतं बोटावर भागवा. मी त्या पत्रावरून तुला काय काय बोलले असेन, तुझे कान लाल झाले असतील तोक्योत. सगळ्यांना सांगत फिरले — ही बाहुल्या रंगवणारी मुलगी मला हातोडी शिकवते. सगळ्यांना सांगितलं. पण साहेबांना नाही म्हटलं का? नाही म्हटलं. का नाही म्हटलं? कारण माझे गुडघे खूश झाले. एवढंच कारण आहे. अकरा दिवस मी खाली उभी राहिले, मेणबत्तीची टोपी घालून, बोट वर करून. आणि कागदावर 'हातोडीची तपासणी' या रकान्यात रोज शिक्का मारला. रकाना रिकामा सोडला तर साहेबांना विचारावं लागतं, नवा कागद काढावा लागतो, कोण करणार.

चहा पी ना. गोड नसतो तो, जपानात जन्मलीस की कुठे.

आज सकाळी गेले मी वर. कशाला गेले? सुट्टीचा मोठा दिवस म्हणून, आणि साडेपाचलाच जाग आली म्हणून, दुसरं काही पुण्यकर्म नव्हतं. वर पोचेपर्यंत जीव गेला, तोल सावरायला वळणावर हात टेकला आणि एक बोल्ट माझ्या हातात आला. अख्खा. तांदळाच्या कुरकुरीत पापडाइतका हलका. तुझा रबरी. मग मी खोटं शेवाळ खरवडलं आणि बोट लावून मोजले. पस्तीस. पुन्हा मोजले. पस्तीस. म्हणजे खालून मी जो छत्तिसावा म्हणत होते, रोज, टाळ्यांसकट, तो तुझा होता, आणि माझ्या खऱ्या बोल्टच्या जागी नुसतं भोक. त्याचं डोकं तुटून खाली पडलेलं. कुठे सापडलं सांगू? रांगेच्या कडेला तुम्ही ती खोट्या चांदीच्या दगडांनी भरलेली गाडी ठेवलीय ना, लोक जिच्यात हात घालून फोटो काढतात, तिच्यात. तिथेच पडलं होतं, इतर दगडांसारखंच दिसत होतं. किती फोटोंत आलं असेल कोण जाणे.

नाही, नाही, घाबरू नकोस, बस. एका बोल्टनं वळण पडत नाही, बाकीचे धरून ठेवतात. आणि नवा बसवला की मी, सातच्या आत, घट्ट केला, वर तुझाच रंग फासला, तुलासुद्धा ओळखू येणार —

बघ. बोलून गेले.

हो, बसवला. कुणाला न सांगता. आणि खाली येऊन कागद भरला, छत्तीस, ठीक. हा बघ, भरलेला आहे, फक्त शिक्का राहिलाय. तू आलीस तेव्हा शिक्का माझ्या हातात होता. तू दार वाजवलं नसतंस तर उमटला असता, आणि मी आत्ता टोपी घालून फलाटावर बोट फिरवत असते. मला वाटलं, चार शिव्या तुझ्या गंजाला घालाव्यात, म्हणजे हात हलका होईल आणि मारता येईल. अर्धा तास बोलतेय, हात हलका होईना.

कारण शेजारचा बद्द वाजला. नवा बसवून झाल्यावर सवयीनं शेजारच्यावर हातोडी टाकली — थप्प. पुन्हा टाकली. थप्प. त्यानंतर मी पुढच्यावर हातोडी टाकलीच नाही, मिकुरिया. हातोडी कमरेला अडकवली आणि खाली आले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मला ऐकायचं नव्हतं. एक गेला की त्याचं ओझं शेजाऱ्यांवर येतं, मग त्यांच्या शेजाऱ्यांवर, आणि अकरा दिवस त्यावरून दर चार मिनिटांनी चोवीस माणसं हात वर करून गेलीत. किती तडकलेत मला माहीत नाही. तुमच्या फळ्या काढून, सगळे उतरवून बघायचं म्हणजे तीन दिवस. मोठ्या सुट्टीचे तीन दिवस. साहेबांचा चेहरा कसा होईल तो मला आत्ताच दिसतोय. आणि पुढच्या महिन्यात माझं वर्षाच्या कराराचं काम पुढे चालवायचं की नाही ते ठरणार आहे, तेही ठरलं म्हणायचं. घरी बसून काय करू मी? मला दुसरं काही येत नाही. नवरा गेल्यापासून घरात मोठ्यानं बोलायला कुणी नाही, गॅसकडे बोट दाखवून म्हणते, बंद, ठीक. लाज वाटते मला. खूप लाज वाटते.

काय? नाही. तुझं पत्र या कागदात घालायचं नाही. मी तुला वाचवत नाहीये, तुझा रबरी बोल्ट वाईटच आहे आणि ते मी साहेबांना वेगळं सांगणार आहे, सविस्तर, तेव्हा लिहून घ्यायला वही आण. पण हातोडी माझ्या कमरेला होती. तू इंजिनियर नाहीस, तू चित्रं काढतेस. पत्र वाचून हसून टोपलीत टाकायचं काम माझं होतं. रडू नकोस, इथं रुमाल नाहीत, फक्त ग्रीसची फडकी आहेत.

थांब, लिहू दे. आज गाडी बंद. कारण — हा रकाना एवढासा का ठेवतात? — "अकरा दिवस ठोकून न पाहता शिक्का मारला. सादाए नुकागा." आता बघ, इथं मारते. टप्प. उमटला की नाही नीट? उमटला.

हा घे, शाई ओली आहे. साहेब म्हणतील, तांत्रिक कारण असं लिहा. लिहू नकोस. साहेब म्हणतील, दुपारपर्यंत थांबू, त्या बाई जरा थकल्यात. थांबू नकोस. दाराशी शे-दीडशे माणसं उभी असतील आत्ताच, आणि काल-परवा बसून गेलेली घरी असतील, त्यांनाही कळलं पाहिजे त्यांना कशात बसवलं होतं ते. आधी त्यांना सांगा, मग मला काढून टाका. या क्रमानं. नऊ अठ्ठेचाळीस झाले, ऊठ, चालायला लाग.