रायगडाला लागलेली पाटी

तुम्हाला सांगते, आमच्या मंडळाच्या दिवाळी किल्ला स्पर्धेत दरवर्षी ह्यांचा रायगड पहिला येतो. यंदा आमची थाई सूनही उतरली. बॅकयार्डात शेजारीच तिने थायलंडची जुनी राजधानी बांधली, अयुथया. छोट्या विटांचा तट, बुरूज, भोवती पाणी.

हे म्हणाले, "डोंगर नाही, तो कसला किल्ला?"

नेमका परीक्षणाच्या सकाळी पावसाने ह्यांचा बुरूज खचला. ह्यांनी गुपचूप सुनेच्या तटाच्या विटा काढून तिथे लावल्या.

परीक्षक काकूंनी विचारलं, "अगं, अयुथयाचा तट कुठाय?"

सून रायगडाकडे बघून म्हणाली, "काकू, इट्स ऑथेंटिक! आमच्याकडेही तटाच्या विटा नेऊन नवी राजधानी बांधली होती."

पहिलं बक्षीस तिला मिळालं. आणि काकूंनी जाताना ह्यांच्या रायगडावर पाटी लावली: 'बँकॉक'.