माणसाने तपासलेला अर्ज

डोळ्यांच्या दवाखान्यात नणंद-भावजय शेजारी-शेजारी बसल्या होत्या. भावजयीच्या डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे ती डोळे मिटूनच बोलत होती.

"वहिनी, दिवसभर करतेस तरी काय त्या कॉम्प्युटरवर?"

"सरकारी मदतीसाठी लोक अर्ज करतात ना, तो नामंजूर करायचा की नाही, ते मशीन ठरवतं. पण कायद्याने शेवटी माणसाने बघायला लागतं. तो माणूस मी. तपासनीस एकशे चार."

"मग चुकलेलं तू सुधारत असशील."

"एका अर्जाला वीस सेकंद मिळतात गं. 'सहमत' दाबायचं, की पुढचा."

"वाचत नाहीस?"

"पहिला महिना वाचले. साहेबांनी बोलावून विचारलं, तब्येत बरी नाही का."

"आमच्या सासूबाईंसाठी घरी मदतनीस मागितली होती, तो अर्ज तुमच्याच ऑफिसने नाकारला. म्हणे, त्या हिंडत्याफिरत्या आहेत. वर्ष झालं, अंथरुणातून उठल्या नाहीत."

"मला बोलली नाहीस."

"तुला कशाला अडचणीत आणायचं?"

"मग अपील करायचंस."

"पत्राखाली होतं ना, अर्ज माणसाने तपासला आहे. म्हटलं, कुणीतरी नीट वाचूनच नाकारला असेल."

"पत्र आहे जवळ?"

"फोटो आहे मोबाइलमध्ये. थांब. का गं?"

"खाली तपासनिसाचा नंबर असतो. वाच."

"हां, आहे."

"वाच ना."

"एकशे चार."