हिरॉइन येऊन गेली त्यानंतर

मी नागपूरची, सक्करदऱ्याची, वडील शाळामास्तर, घरात खायला-प्यायला कधी काही कमी नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते, काहून ते कळेल तुम्हाला. लग्न झालं, नवरा कॉम्प्युटरवाला, त्याच्या व्हिसावर इकडे अमेरिकेत श्रूजबरीला आले, बरीच वर्षं घरीच बसले, मग कामाची परवानगी आली तशी कोर्स केला अन् म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये लागले. आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची. आपले लोक नाक मुरडतात, मुरडू दे, मला आवडतं ते काम.

तर आमच्या संपाचं सांगते. माणसं कमी केली हो त्यांनी, एकीच्या अंगावर अख्खा मजला, अन् आमची डोरोथी आजी घंटी वाजवून वाजवून थकली, स्वतःच उठायला गेली अन् पडली, खुबा मोडला बिचारीचा. तेव्हा आम्ही काम बंद केलं. थंडीत बोर्ड धरून उभ्या, गाड्या येतात, जातात, पाठिंब्याचा साधा हॉर्न कोणी देत नाही, काय सांगू तुम्हाला, कुत्रं विचारत नव्हतं आम्हाला.

मग एक दिवस युनियनची मुलगी धावत आली, म्हणे हॉलिवूडची अमकी हिरॉइन येते आहे. मी म्हटलं, सिनेमावालीचं इथं काय काम? माझी पोरगी म्हणते, आई, दे ऑलवेज कम, मोर्चा असो, इलेक्शन असो. अन् आली बापा, कॅमेरेच कॅमेरे! माझा हात धरला अन् माइकवर म्हणते, ही बाई उपासमारीतून पळून आली, आपण हिच्या पाठीशी आहोत. उपासमार? आमच्या घरी? बाबांनी ऐकलं असतं तर छडीच काढली असती. असा राग आला मला, पण हात सोडवेना, अन् खरं सांगते, तिच्या डोळ्यांतलं पाणी काही नाटकाचं नव्हतं. त्या दिवशी रस्ताभर हॉर्न वाजले, अन् तोंड न दाखवणारं मॅनेजमेंट म्हणे बोलणी करू.

ती विमानानं गेली. व्हिडिओ राहिला, माझ्या तोंडाचा. दिलीप, माझा नवरा, तेव्हापासून सैरभैर, काय गरज होती यार पुढे जायची, ग्रीन कार्ड अडकलेलं, बाहेरच्यांना धरून परत धाडायचे दिवस आहेत, बघतेस ना. लॉयर म्हणतो घाबरू नका, तरी फोन वाजला की हा दचकतो. मीही दचकते, खोटं काहून सांगू. पोरगी म्हणते यू आर फेमस. फेमस म्हटलं की मी उठून खिडकीचा पडदा ओढून घेते.

कॅमेरे गेले तशी बोलणी फिसकटली. डोरोथी आजी हॉस्पिटलातून परत आली आहे अन् मजल्यावर कामाला माणसं अजून तितकीच कमी. युनियनची मुलगी म्हणते, आज दुपारी संपाच्या सभेत तू बोल, लोक आता तुलाच ओळखतात. सकाळपासून मी नुसती उठते, बसते, चहा करते अन् प्यायचा विसरते.

आत्ता तुम्ही यायच्या आधी दिलीपनं गाडीची चावी घेतली, मला वाटलं लपवून ठेवतो आता. तर म्हणतो, चल, मी ड्राइव्ह करतो, पण एक ऐक, मागच्या रांगेत उभी राहा. ऊर भरून आला हो माझा, इतका भितो अन् तरी न्यायला तयार. त्या हिरॉइनचंही देव भलं करो, आली तरी ती. पण मागं कशी उभी राहू, सांगा तुम्ही? पुढं उभी होती ती तर गेली.